बिअरचे पॉडकास्ट ऐकून ब्रुइंग कसं शिकावं: गावाकडच्या नवख्यांसाठी

कुकरमध्ये नुसतं पाणी ठेवून मी शिट्ट्या मोजत बसलो होतो. माय म्हणाली, "काय शिजवून राह्यला रे? डाळ तं टाकलीच नाई तू."

मी सांगितलं, पाणी १५२ डिग्रीला न्यायचंय. आदल्या रात्री पॉडकास्टवर एक पाहुणा तीनतीनदा तेच सांगत होता, धान्य १५२ला भिजवा. पाणी १०० डिग्रीला उकळतं हे मला माहीत होतं, म्हणून १५२साठी कुकरच लागणार असा माझा हिशेब. दोन दिवसांनी उजेड पडला, की तो माणूस अमेरिकेतला, आणि त्याचे १५२ हे फॅरनहाइट. म्हणजे आपले ६७ सेल्सिअस. कुकर तर कितीही तापवला तरी १२०-१२१च्या पुढं जात नाही, शिट्टी त्यासाठीच असते.

माझं गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं. बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन झालं आणि पुढं काय करायचं ते सुचेना. दोन हिवाळे हरभऱ्याची जागल केली. रानडुकरं यायची. मचाणावर एका कानात इअरफोन, दुसरा कान डुकरांसाठी मोकळा, असं रात्र-रात्र बिअर बनवणाऱ्यांचं बोलणं ऐकलं. नंतर पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत हेल्पर म्हणून लागलो, आता तिथंच ब्रुअरच्या हाताखाली आहे. गावाकडची पोरं फोन करतात, "दादा, मले बी या लायनीत यायचं हाय, काय करू?" प्रत्येकाला तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदा लिहून काढतो.

१. पहिले कायदा

हे आधी, कारण इथंच पोरं फसतात. अमेरिकेतले लोक पॉडकास्टवर स्वयंपाकघरात बिअर बनवल्याचं खुशाल सांगतात, कारण तिथं १९७८च्या कायद्यानं घरापुरती बिअर बनवायला देशपातळीवर मोकळीक मिळाली. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत ती २०१३ साली आली. म्हणजे २००५पासून बिअरचे पॉडकास्ट चालू होते आणि त्याच देशातल्या काही श्रोत्यांसाठी घरची बिअर गुन्हा होती. आपण त्या श्रोत्यांच्या जागी आहोत असं समजा.

महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. कलम ६५ बघा. नुसतं तयार करणंच नाही, त्या हेतूनं साहित्य आणि भांडी बाळगणंही त्यात येतं. "घरच्यापुरती" अशी सूट नाही. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर पूर्ण दारूबंदी आहे. चंद्रपूरची २०१५ची बंदी २०२१ मध्ये उठली, पण बंदी उठली म्हणजे घरी बनवायला परवानगी मिळाली असं नाही.

म्हणून या लेखात यीस्ट (साखरेची दारू करणारा सूक्ष्मजीव) टाकून बिअर बनवण्याची कृती नाही, ती मला विचारूही नका. ब्रुइंगचं निम्मं शास्त्र यीस्ट टाकायच्या आधीच संपतं: धान्य, पाणी, तापमान, स्वच्छता, चव. तेवढं घरी कायद्यात राहून शिकता येतं. उरलेलं परवाना असलेल्या ब्रुअरीत शिका.

आणि एक घरगुती कायदा. आमच्या गल्लीत दारूनं बसलेली दोन घरं आहेत, माय त्या शब्दावरच भडकते. मी तिला सगळं खरं सांगितलं: काय ऐकतो, कशासाठी ऐकतो, घरात काय करणार नाही. लपवून केलं असतं तर पहिल्याच आठवड्यात पातेली फेकली गेली असती, आणि तिचं काही चुकलं नसतं.

२. काय काय लागेल

- फोन आणि साठवायला जागा. साधारण दर्जाचा एक तासाचा भाग ५०-६० एमबीचा असतो. गावात टॉवर दगा देतो, तालुक्याला गेलात की आठवड्याचे भाग उतरवून घ्या.
- रेघांची जाड वही.
- ० ते ११० अंशांचा थर्मामीटर. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात काचेचा मिळतो. तापाचा चालत नाही, तो ४२-४३लाच संपतो.
- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा.
- टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली, मेडिकलमधून.
- मोठ्या तोंडाचा, दोन लिटरच्या वरचा थर्मास. लग्नात थंड पाणी भरतात तो कॅम्पर असेल तर उत्तम.
- पांढरी बशी, सुती फडकं, एकसारखे दिसणारे डझन-दीड डझन कप.

पोरं विचारतात, गोडी मोजायला डेअरीतला लॅक्टोमीटर चालेल का? तत्त्व तेच आहे, पातळ द्रवात खाली जातो, दाट द्रवात वर येतो. पण लॅक्टोमीटरवरच्या खुणा १५ ते ४० असतात, म्हणजे १.०१५ ते १.०४० घनता. बिअरचं गोड पाणी, ज्याला वर्ट म्हणतात, ते बहुतेक वेळा १.०४०च्या वरच असतं. लॅक्टोमीटर खुणांच्या बाहेर तरंगत राहतो आणि तुम्ही बघत राहता. मी अर्धा तास बघत होतो.

३. मापांचा तक्ता आधी पाठ करा

हे केलं नाही तर तुमचाही कुकर होईल. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: एक गॅलन म्हणजे ३.७८ लिटर, आणि त्यांची नेहमीची "पाच गॅलनची बॅच" म्हणजे सुमारे १९ लिटर. एक पौंड ४५४ ग्रॅम, एक औंस २८ ग्रॅम. फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, ५ने गुणा, ९ने भागा. प्लेटो हा शब्द आला तर तो तत्त्ववेत्ता नव्हे, गोडीचं माप आहे. प्लेटोला ४ने गुणलं की घनतेचे शेवटचे आकडे ढोबळमानानं मिळतात. १२ प्लेटो म्हणजे १.०४८.

इंग्रजीची भीती वाटत असेल तर वेग ०.८ करा. पहिले पाच-सहा भाग डोक्यावरून जातील. सातव्यात तेच शब्द परत येतात, आणि मग कळायला लागतं. या विषयात एकूण शब्दच शे-दीडशे आहेत हो.

४. कुठले कार्यक्रम

थोडक्यात सांगतो. जेम्स स्पेन्सर यांचा बेसिक ब्रुइंग रेडिओ आणि जस्टिन क्रॉस्ली यांचं द ब्रुइंग नेटवर्क, दोन्ही २००५ पासूनचे. पहिला शांत, अर्ध्या-पाऊण तासात मुद्द्याचं बोलून मोकळा होणारा. दुसऱ्याचा गप्पांचा कार्यक्रम म्हणजे चौकातली बैठक, तासन्‌तास हसणं-खिदळणं, आणि मध्येच सोन्यासारखं एखादं वाक्य. त्याच नेटवर्कवरचा ब्रू स्ट्राँग मात्र अभ्यासाचा. बिअरस्मिथचे ब्रॅड स्मिथ २०१० पासून एकेका पाहुण्याला बोलावून एकेक विषय घेतात, नवख्यानं इथून सुरुवात करावी असं माझं मत. डेनी कॉन आणि ड्रू बीचम यांचं एक्सपेरिमेंटल ब्रुइंग २०१५चं, ब्रुलॉसॉफीचा पॉडकास्ट २०१७चा.

सगळे ऐकायला जाऊ नका. मी गेलो होतो. महिन्याभरात डोक्यात खिचडी झाली.

५. पाहुणे कोणत्या क्रमानं ऐकावेत

पाहुणा बघून भाग निवडा, कार्यक्रम बघून नाही. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या सवयी ज्यांच्या बोलण्यानं बदलल्या, अशी माणसं मोजकीच आहेत. माझा क्रम असा.

जॉन पामर. पेशानं धातुशास्त्रज्ञ. त्यांचं शिकवण्याचं पुस्तक २००० साली इंटरनेटवर फुकट वाचायला होतं, आणि एका पिढीनं त्यावरून बिअर शिकली. त्यांना पहिले ऐका, पण एका खास कारणासाठी. जुन्या काळी सल्ला असायचा की यीस्टचं काम आटोपत आलं की बिअर दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, नाहीतर तळाशी बसलेल्या मेलेल्या यीस्टची चव लागते. पामरही तेच सांगायचे. पुढं त्यांनी आणि जमिल झैनाशेफ यांनीच ब्रू स्ट्राँगवर सांगितलं की घरच्या छोट्या भांड्यात ही भीती फोल आहे, उलट ओतताना हवा लागते ते वाईट. ज्यानं नियम शिकवला त्यानंच तो मोडला. त्यामुळे कुठलाही भाग ऐकताना तो कोणत्या साली आला ते आधी बघा. पामर यांचंच २००६चं आणि २०१६चं म्हणणं वेगळं असू शकतं.

जमिल झैनाशेफ आणि ख्रिस व्हाइट. जमिल अमेरिकेतल्या घरगुती ब्रुअरांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दोन वेळा सर्वोच्च मानकरी, व्हाइट १९९५ मध्ये सॅन डिएगोत सुरू झालेल्या यीस्टच्या प्रयोगशाळेचे संस्थापक. या दोघांच्या आधी लोक बिअर कुठल्या धान्याची यावर भांडायचे. या दोघांनी यीस्ट किती टाकलं आणि कोणत्या तापमानाला ठेवलं हे विचारायला लावलं. त्यांचा हिशेब वहीत सोडवून बघा: एल या बिअरच्या जातीसाठी दर मिलिलिटरला, दर प्लेटोला साडेसात लाख पेशी. १९ लिटर, १२ प्लेटो, म्हणजे १७१ अब्ज पेशी. यीस्टच्या एका पाकिटात असायच्या १०० अब्जाच्या आसपास. म्हणजे वर्षानुवर्षं लोक एका पाकिटात भागवून "चव अशी का आली" म्हणत कपाळाला हात लावत होते. आपल्याकडं विरजण कमी पडलं की दही तारेचं होतं, कुणी म्हशीला दोष देत नाही.

एक सावधगिरी. व्हाइट यीस्ट विकतात. म्हणून ते खोटं बोलतात असं नाही, पण जास्त यीस्ट घ्या असं यीस्टवाला सांगतो तेव्हा कान जरा टवकारावेत.

चार्ली बॅम्फर्थ. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या शाखेत अनेक वर्षं शिकवलेले इंग्लिश प्राध्यापक. बिअरच्या फेसावर त्यांचं इतकं काम की लोक त्यांना फेसाचे पोप म्हणतात. बोलणं मिश्कील, उच्चार आपल्या कानाला अमेरिकनांपेक्षा सोपे. गरम वर्ट हलवताना हवा लागली तर बिअर शिळी होते, या धास्तीनं घरगुती ब्रुअर पातेलं दुधाच्या हंड्यासारखं जपत होते. बॅम्फर्थ यांनी पॉडकास्टवर येऊन ती धास्ती घालवली: बाटलीत भरताना शिरणारी हवा आणि नंतरची ऊब हे खरे शत्रू. तापमान १० अंशांनी वाढलं की शिळं होणं दुप्पट-तिप्पट वेगानं होतं, हा ठोकताळा. मे महिन्यात दर्यापूरच्या एसटी स्टँडवर उभं राहून हे वाक्य ऐका, जास्त पटतं.

डेनी कॉन. ओरेगॉनचे. सहलीला न्यायचा थंडाईचा डबा, त्याला नळी, बस. त्यांनी लोकांना सांगितलं की चकचकीत स्टीलची भांडी नसली तरी धान्यातली साखर काढता येते. मी त्यांचा भाग ऐकला तेव्हा आमच्या ओसरीत चुलत बहिणीच्या लग्नातला कॅम्पर उपडा पडलेला होता. रात्री दोन वाजता मचाणावर बसून मला तो कॅम्पर आठवला.

मार्टिन ब्रुंगार्ड पाण्यासाठी, गॉर्डन स्ट्राँग काळ्या धान्यासाठी. स्ट्राँग २००८, २००९, २०१० अशी सलग तीन वर्षं सर्वोच्च मानकरी होते. भाजलेलं काळं धान्य सगळ्यांबरोबर तासभर न भिजवता शेवटी टाका, कडूपणा उतरत नाही, हे त्यांचं. चहाची पावडर कधी टाकावी यावरून ज्या घरात वाद होतात तिथं हे समजावून सांगावं लागत नाही.

लार्स मारियुस गार्शोल. हा माणूस मी शेवटी ठेवला, कारण त्यांच्यापाशी थांबायचंय. नॉर्वेचे, व्यवसायानं सॉफ्टवेअरवाले. शेतकरी घरांमध्ये फिरून जुन्या पद्धतीची बिअर कशी बनते ते नोंदवत गेले. तिथं घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं यीस्ट आहे, त्याला तिकडच्या बोलीत क्वाइक म्हणतात. लाकडाच्या कड्यांची साखळी किंवा फडकं त्यात बुडवायचं, वाळवायचं, टांगून ठेवायचं, महिन्यांनी परत वापरायचं. शेजाऱ्याचं मेलं तर आपल्यातलं द्यायचं. विरजण संपलं की आपण वाटी घेऊन शेजारी जातो, अगदी तसं.

पण मी मचाणावर ताठ बसलो ते वेगळ्याच आकड्यानं. पुस्तकी एल यीस्टला १८ ते २२ अंश लागतात, लागर या दुसऱ्या जातीला त्याहून थंड. सगळे पाहुणे थंड करा, फ्रीज घ्या, असंच सांगत होते. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये खोलीतच ३८, बाहेर ४४-४५, आणि लोडशेडिंग. हे आपल्या भागाचं कामच नाही, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. आणि हा नॉर्वेचा माणूस, जिथं बर्फ पडतो, सांगत होता की व्हॉस भागातले शेतकरी यीस्ट ३९-४० अंशांना टाकतात आणि बिअर उत्तम होते. जगभरच्या घरगुती ब्रुअरांनी हे ऐकून आपापली पुस्तकं उघडून बघितली. यीस्टचं तापमान हा यीस्टच्या जातीचा आणि तिच्या घराण्याचा प्रश्न होता, एकच नियम सगळ्यांना लावून सगळे बसले होते. पुण्यात आल्यावर हे यीस्ट प्रत्यक्ष वापरलं. टाकीजवळ सोललेल्या संत्र्याचा वास येतो. वरूड-मोर्शीच्या बाजारात डिसेंबरात येतो तसा.

६. वहीत काय लिहायचं

चार रकाने: कोण म्हणालं, कोणत्या साली, काय म्हणालं, का म्हणालं. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो भाग परत ऐका. पाहुण्यानं कारण दिलंच नसेल तर तसं लिहा. वर्षभरानं माझ्या वहीत "का"च्या रकान्यात निम्म्या ठिकाणी "सांगितलं नाही" होतं. कोणाला परत ऐकायचं आणि कोणाला नाही, ते त्यावरून ठरलं.

पाककृती उतरवत बसू नका. मी चाळीस पानं भरली, एकही कामी आली नाही. त्यातलं धान्य मिळत नाही, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) मिळत नाहीत, पाणी जुळत नाही.

७. पहिला प्रयोग: तीन कप

ब्रुलॉसॉफीचे मार्शल शॉट यांच्यामुळे हा प्रकार घराघरांत पोचला. दोन कपांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. पिणाऱ्यानं फक्त वेगळा कप ओळखायचा. कोणता चांगला हे विचारायचं नाही. अंदाजपंचे ओळखलं तरी तिघांत एक बरोबर येणारच. म्हणून १२ जणांपैकी किमान ८ जणांनी ओळखलं तरच फरक खरा धरायचा.

मी चहावर केला. एक पातेलं आमच्या बोअरच्या पाण्याचं, एक विकतच्या कॅनच्या पाण्याचं. पावडर, साखर, दूध काट्यावर मोजून सारखं. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाण्यात पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. तरी मोठेबाबा म्हणाले, "दूध-साखर टाकल्यावर काय फरक पडते बाप्पा." १२ पैकी १० जणांनी बरोबर कप उचलला. मोठेबाबांचा चुकला. त्यांनी कप बशीवर ठेवला, आणि दूधवाल्याच्या नावानं बोलायला लागले.

ट्रॅप सांगतो. कप एकसारखे नसतील, एक चहा जरा गार असेल, देणाऱ्याला उत्तर माहीत असेल आणि त्याचा चेहरा बोलका असेल, तर प्रयोग वाया. माझा पहिला गेला, कारण धाकटा भाऊ बरोबर कपावर हात गेला की हसायचा. कपांखाली खुणा लिहा आणि वाटायला असा माणूस ठेवा ज्याला त्या माहीत नाहीत.

८. दुसरा प्रयोग: जवापासून गोड पाणी

बिअरचा पाया हाच. यीस्ट नाही, त्यामुळे दारू नाही, लेकरंही पितात.

पूजेच्या दुकानातून अख्खा, सालासकट जव आणा. किराण्यातला पांढरा पॉलिश केलेला जव उगवत नाही. कृषी केंद्रातलं बियाणं औषध लावलेलं असतं, त्याला हात लावू नका. ज्वारी घरची आहे म्हणून तिला मोड आणायचा मोह होईल, नवख्यानं तोही टाळावा. कोवळ्या ज्वारीत गुरं का सोडत नाहीत ते आजोबांना विचारा, तेच विष ज्वारीच्या मोडांत असतं.

हे काम पौष-माघात करा. मी पहिल्यांदा जूनमध्ये केलं, तिसऱ्या दिवशी फडक्यावर हिरवी बुरशी. अर्धा किलो जव आठ तास भिजवा, पाणी काढून तेवढाच वेळ उघडा ठेवा, परत भिजवा. मग ओल्या फडक्यात पसरून रोज दोनदा हलवा. मुळ्या फुटतात त्या दिसतात, खरी गोष्ट सालीच्या आत चालते. एक दाणा नखानं उभा चिरा, पाठीकडून कोंब सरकताना दिसेल. तो दाण्याच्या लांबीइतका होत आला की थांबवा. चार-पाच दिवस लागतात. उन्हात पातळ थरात खडखडीत वाळवा, चुलीवर भाजू नका. ५०-५५ अंशांच्या वर गेलात तर साखर करणारं द्रव्य मरतं. मग सुपात चोळून मुळ्या पाखडून टाका. सूप आईच्या हाती द्या, आपल्याच्यानं होत नाही.

जाडसर भरडा. पीठ केलं तर गाळताना रडाल. दीड लिटर पाणी ७३ अंशांना आणा, थर्मास आधी गरम पाण्यानं धुऊन घ्या, भरड आणि पाणी टाकून ढवळा. तापमान ६६-६७वर येऊन बसेल. झाकण लावून तासभर सोडा. आता बशीत चमचाभर पाणी घ्या आणि आयोडीनचा एक थेंब सोडा. काळं-निळं झालं तर पिष्ट शिल्लक आहे, अजून वीस मिनिटं. तपकिरी-पिवळंच राहिलं तर साखर झाली. बशीतलं परत थर्मासात ओतू नका, फेका.

पहिल्यांदा तो थेंब पिवळा राहिला तेव्हा मी ओसरीतून मायला हाक मारली. तिनं बोट बुडवून थर्मासातलं चाखलं. "गूळ कधी टाकला?"

गाळून पंधरा मिनिटं उकळा आणि त्याच दिवशी प्या किंवा फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ठेवलंत तर आपल्या उन्हात ते रात्रीतून फसफसायला लागतं, आणि मग तुम्ही पहिल्या मुद्द्यावर परत येता.

जमलं की ६३ला एक आणि ७०ला एक असे दोन करून तीन कपांची चाचणी लावा. माझ्याकडं १२ पैकी तिघांनी ओळखलं, म्हणजे कोणीच नाही. पॉडकास्टवर यावर तासभर भांडणं ऐकली होती. उकळलेल्या गोड पाण्यात हा फरक जिभेला कळेलच असं नाही, तो पुढं यीस्टला कळतो, हे मला ब्रुअरीत समजलं.

९. गावचं पाणी

ब्रुंगार्ड ऐकल्यावर ग्रामपंचायतीकडं पाणी तपासणीचा अहवाल मागा. क्षार, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड हे आकडे उतरवा. चेक देशातल्या पिल्सनचं पाणी मऊ म्हणून तिथं फिकी बिअर, इंग्लंडातल्या बर्टनच्या पाण्यात जिप्सम म्हणून कडवट हॉप्स उठून दिसणारी, आयर्लंडातल्या डब्लिनच्या पाण्यात बायकार्बोनेट म्हणून काळी. या यादीत आपलं गाव कुठं बसतं ते बघा. आमचं कुठंच बसत नाही, त्या पाण्यात डाळसुद्धा नीट शिजत नाही. पण मुलाखतीत मी तो अहवाल पुढं ठेवला आणि ब्रुअर खुर्ची ओढून जवळ बसला.

१०. काम मागायला जाताना

कागद: दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, आधार, रहिवासी दाखला, पासपोर्ट आकाराचे फोटो. माझ्याकडून पोलिस पडताळणीचा दाखलाही मागितला, तो आधीच काढून ठेवा, वेळ लागतो. वही न्याच. पुढं शिकायचं असेल तर पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अल्कोहोल तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. मोठ्या ब्रुअऱ्या छत्रपती संभाजीनगरला, छोट्या मायक्रोब्रुअऱ्या पुण्या-मुंबईत.

पहिल्या ठिकाणी मला तीन महिने बिनपगारी "शिकाऊ" म्हणून ठेवलं आणि नंतर जागा नाही सांगितलं. कोणती जागा ते सांगत नाही. तुम्ही मात्र पगार, मुदत आणि राहण्याची सोय कागदावर घ्या, नाहीतर परतीचं तिकीट खिशात ठेवा.

पॉडकास्टवरची नावं मुलाखतीत फेकू नका. "पामर असं म्हणतो" म्हटलं की समोरचा विचारतो, "आणि तू?" तिथं जव आणि आयोडीनची गोष्ट सांगा.

आणि मोजे दोन जोड न्या. ब्रुअरीत निम्मा दिवस फरशी आणि टाक्या धुण्यात जातो, कंपनीचे गमबूट कधी मापाचे मिळत नाहीत, आणि ओल्या मोज्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या टाचा फुटल्या होत्या.